डिस्क दिसत नाही

या अंकासाठी काहीतरी लिहा, असा संपादकबाईंचा निरोप आला तेव्हा माझ्या मनात पहिली आली ती शंका. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा लॅपटॉप माझ्याकडं दुरुस्तीला होता. त्यात लोकांचे आलेले लेख होते, काही छापायचे, काही नाकारलेले. मी ते वाचले की काय, हे काढून घ्यायला तर बाई मला लिहायला सांगत नसतील? मी वाचले नव्हते. पण 'मी वाचले नाहीत हो' असं आपणहून सांगणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवतं? म्हणून त्याबद्दल काही बोललो नाही आणि लिहायला हो म्हणालो.

आमचा धंदाच संशयाचा. गिऱ्हाइकाला आमचा संशय, आम्हाला यंत्राचा संशय. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. तिथं येणारा प्रत्येक जण एक गोष्ट घरून ठरवूनच येतो, की हा माणूस आपल्या मशीनमधला चांगला पार्ट काढून जुना घालणार. सेलूकडचं वांगी-टमाटर पिकवणारं एक घर आहे. त्यांच्या सुनेनं मशीन आणण्याआधी आतल्या प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. मेमरीवर, डिस्कवर, पंख्यावरसुद्धा. पंखा जळलेला होता, तो बदलला आणि जुना त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सासरे परत आले. म्हणाले, नव्या पंख्यावर ठिपका नाई. मी म्हटलं, बाबाजी, तो नवा आहे. ते म्हणाले, तेच तं, मंग ठिपका देऊन टाका. बाटली त्यांनी बरोबर आणली होती.

पुलगावला लष्कराच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले एक काका आहेत. नोकरीत मोबाईल गेटवर ठेवून आत जायची सवय. आता घराच्या दारातही त्यांनी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलाय. त्यांचा कॉम्प्युटर बघायला जायचं तर आधी आपला फोन त्या डब्यात. मला त्याचा राग येत नाही. उलट बरं वाटतं, निदान संशय कुठं ठेवायचा याची जागा तरी ठरलेली आहे.

मी मूळचा इथला नाही. कोल्हापूरच्या पलीकडं, गगनबावड्याच्या बाजूचा. नववीत शाळा सोडली. पुढं रस्त्याकडेनं केबलसाठी चर खोदणाऱ्या टोळीत लागलो आणि खोदत खोदत वर्ध्यापर्यंत आलो. इथं टायफॉइड झाला. टोळी पुढं निघून गेली. आम्ही ज्या दुकानासमोर खोदत होतो त्या दुकानाचे मालक वानखेडे भाऊ मला सिंदी मेघेतल्या त्यांच्या घरी घेऊन गेले. वहिनींनी बिनफोडणीचं वरण आणि मऊ भात घालून मला उभं केलं. त्या घरानं माझं नाव विचारायच्या आधी ताप बघितला. हे मी विसरलेलो नाही, आणि विसरेन की काय या भीतीनं पुन्हा पुन्हा आठवतो.

गावाहून आई फोन करायची. ती दर वेळी एकच विचारायची, "तितली माणसं बरी हाईत न्हवं रं?" लांबच्या मुलखातली माणसं बरी असू शकतात यावर तिचा कधी विश्वास बसला नाही. मी सांगायचो, बरी हाईत. तरी पुढच्या फोनला प्रश्न तोच.

वानखेडे भाऊंनी मला धंदा शिकवला. त्यांचे नियम दोन. एक, मालक समोर बसल्याशिवाय मशीनचा स्क्रू काढायचा नाही. दुसरा, पडद्यावर जे इंग्रजी येईल ते मोठ्यानं वाचायचं, त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, आणि मगच बटण दाबायचं. माझं इंग्रजी नववीचं, तेही पास न झालेलं. सुरुवातीला एकेका ओळीला डिक्शनरी लागायची. भाऊ म्हणत, "न वाचता हो म्हनशीन तं हात तोडून टाकीन." पुढं इंग्रजी बरं झालं, पण सवय राहिली. गिऱ्हाइकालाही ती आवडते. आपल्या मशीनमध्ये काय चाललंय ते ऐकू आलं की माणसाचा जीव थोडा भांड्यात पडतो. काही जण मात्र मला वेडा समजतात.

या सवयीमुळंच एका कामात मोठं नुकसान होता होता राहिलं. ते सांगायलाच बसलोय.

पुलगावच्या रस्त्याला एक गाव आहे. तिथल्या बुद्धविहाराला लागून एक वाचनालय. तिथं थूल गुरुजी, म्हणजे निवृत्त शिक्षक, कित्येक वर्षं एक काम करत आले होते. गावातल्या आणि आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना समोर बसवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं. दीक्षेला नागपूरला कोण कसं गेलं, परत आल्यावर घरातले देव कुठं नेऊन सोडले, विहिरीवर काय झालं, पोरांना शाळेत कुणी घातलं. बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता नाहीत. त्यांचे आवाज तेवढे राहिले होते, आणि ते सगळे एका मशीनमध्ये होते.

ते मशीन म्हणजे एक जुना सर्व्हर. गावचेच भगत साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आता वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी एका ऑफिसातून निघालेला हा सर्व्हर मिळवून वाचनालयाला दिला होता. एका सकाळी तो उठेना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, चालू करायला काही सापडत नाही. मला फोन भगत साहेबांनी केला, आणि तिथंच माझी गडबड झाली. कारण मी गेलो ते, गुरुजींच्या लेखी, भगत साहेबांचा माणूस म्हणून.

वाचनालयाच्या खोलीत तिघं होते. टेबलाशी भगत साहेब, इस्त्रीच्या शर्टात. मशीनला जवळजवळ पाठ टेकून थूल गुरुजी, जणू मी ते उचलून नेणार होतो. आणि दाराशी कमलाबाई. ही तिथं झाडलोट करायची, उघडायची, बंद करायची.

"या कोल्हापूर," भगत साहेब म्हणाले. इथं मला बरेच जण गावाच्या नावानंच हाक मारतात. "बघा, हे आपोआप झालं की कोणी केलं."

आत पाय टाकल्या टाकल्या मला असा प्रश्न विचारतात तेव्हा मी सावध होतो. यंत्राची दुरुस्ती करता येते. 'कोणी केलं' याची दुरुस्ती माझ्याकडं नाही.

बॅकअप होता, ही चांगली बातमी. बॅकअप म्हणजे मशीनमधल्या सगळ्या मालाची जशीच्या तशी नक्कल, वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलेली. ती डिस्क गुरुजींच्या कपाटात होती. त्याबरोबर एक पेनड्राइव्हही होता. मशीन स्वतःहून उठत नसेल तर या पेनड्राइव्हवरून त्याला उठवायचं. मग तो दोन गोष्टी विचारतो, नक्कल कुठं आहे, आणि ती कुठं उतरवू. दोन्ही दाखवलं की काम झालं.

उतरवण्याआधी मी नेहमी विचारतो, तसं गुरुजींना विचारलं, की ही नक्कल काढल्यानंतर मशीनमध्ये काही नवीन टाकलंय का.

"नाई. सारं त्याच्यातच हाये," गुरुजी म्हणाले.

उत्तर फार लवकर आलं. खरं आठवणारा माणूस जरा वर बघतो, मग सांगतो. पण गिऱ्हाइकाला खोटं ठरवण्याचा परवाना माझ्याकडं नव्हता. मी पेनड्राइव्ह लावला.

मशीन उठलं. नक्कल कुठं आहे, ते त्याला लगेच सापडलं. पुढचा पडदा आला, कुठं उतरवू, आणि खाली यादी. यादी रिकामी. मी सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचलं, "डिस्क दिसत नाही."

परत केलं. दुसरा पेनड्राइव्ह बनवला, तो लावला. डिस्क दिसत नाही.

खोलीतली हवा बदलली. भगत साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "दिसत नाही म्हणजे आत नाही?"

मी म्हटलं, उघडून बघू, तुमच्यासमोर. उघडलं. दोन डिस्का जागेवर होत्या, वर धूळ, धुळीवर कुणाच्या बोटाची खूण नाही. भगत साहेबांनी वाकून पाहिलं. गुरुजींनी पाहिलं. कमलाबाई दारातून दोन पावलं पुढं आली आणि परत मागं गेली. त्यांच्या परवानगीनं मी त्यातली एक डिस्क माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली. लॅपटॉप म्हणाला, यात वाचण्यासारखं काही नाही, पुसून नवी करू का? मी नको म्हटलं. दुसरी लावली. तेच. पुसून नवी करू का?

"रिकामी करून ठेवली," गुरुजी म्हणाले. कुणाकडं न बघता म्हणाले, पण भगत साहेबांचे कान लाल झाले.

साहेबांनी दाराकडं मान वळवली. "चाबी कोणापाशी राहते?"

"माह्यापाशी," कमलाबाई म्हणाली.

"मग?"

"मंग काय? सांजी झाडून काढते, मेन पाडते, कुलूप लावते. मले ते चालू बी करता येत नाई, रिकामं कुठून करू?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. पण म्हणणं बिनतोड असलं म्हणून संशय उठून जात नाही. तो नुसती जागा बदलून बसतो. त्या खोलीत साहेबांचा कमलाबाईवर, गुरुजींचा साहेबांवर, दोघांचा माझ्यावर, आणि माझा सगळ्यांवर असा तो फिरत होता. एकटं मशीन गप्प होतं. गप्प बसणारा मला सगळ्यात संशयास्पद वाटतो. दोन डिस्का एकाच सकाळी कशा मरतील? शिवाय सेटिंगच्या पडद्यावर तारीख भलतीच जुनी दिसत होती, जणू मशीन नुकतंच कारखान्यातून बाहेर पडलंय. एवढी गोष्ट मनात ठेवली आणि अंगणात जाऊन वानखेडे भाऊंना फोन लावला.

भाऊ आता दुकानात येत नाहीत. गुडघे गेलेत. पण फोनवर अजून तसेच. सगळं ऐकून म्हणाले, "यंत्र 'नाई' म्हन्ते तवा त्याले विचार, तू कोनाकोनाले पाह्यलं? त्याले जे पाह्यता येत नाई त्याले बी ते 'नाई'च म्हन्ते. डिस्कच्या वायरी कुठं गेल्या ते पाह्य लेका."

आत येऊन पाहिलं. वायरी मुख्य पाटीला, म्हणजे मदरबोर्डला, जात नव्हत्या. त्या एका वेगळ्या हिरव्या कार्डाला जात होत्या, आणि कार्ड पाटीत खोचलेलं होतं.

याला आमच्यात रेड म्हणतात. पोलीस टाकतात ती नव्हे. (हे मी तिथं बोलून दाखवलं तेव्हा भगत साहेब हसले नाहीत.) दोन डिस्का जोडून एक मोठी डिस्क केल्याचा आव ते कार्ड आणतं. पण लिहिताना एक ओळ या डिस्कवर, पुढची त्या डिस्कवर, तिसरी पुन्हा या डिस्कवर असं लिहितं. एखाद्या पुस्तकाच्या ओळी कापून आळीपाळीनं दोन पिशव्यांत भराव्यात तसं. एक पिशवी हातात घेऊन वाचाल तर काही कळायचं नाही. दोन्ही पिशव्या आणि त्या जुळवणारं कार्ड, तिघं एकत्र असतील तरच पुस्तक. आणि पेनड्राइव्हला त्या कार्डाशी बोलायचं तर त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखायचा छोटा प्रोग्रॅम, त्याच्याजवळ हवा. तो नव्हता. म्हणून त्याच्यापुरती डिस्क नव्हती.

एवढं समजावून मी सांगितलं, उद्या ड्रायव्हर घेऊन येतो. तोवर मशीनला कुणी हात लावू नका. गुरुजी म्हणाले, "उद्या कायले? रातभर्‍यात काई झालं तं?" म्हणजे माझ्या जाण्याचाही संशय, येण्याचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तिघंही आधीच हजर. एकमेकांवर नजर ठेवायला आले असावेत. दुकानात ड्रायव्हर शोधून पेनड्राइव्हवर घातला होता. खिशात एक नाण्याएवढी बॅटरीही होती. तारीख चुकली म्हणजे पाटीवरची बॅटरी संपलेली, ते शेवटी बदलायचं किरकोळ काम म्हणून आणली होती.

पेनड्राइव्ह लावला, ड्रायव्हर दाखवला. यादी क्षणभर रिकामी राहिली आणि मग तिच्यात एक ओळ उमटली. एक डिस्क. दोन नव्हे, एक मोठी.

"दिसली," मी म्हणालो. गुरुजी खाली बसले. भगत साहेबांनी टेबलावर हात टेकला आणि म्हणाले, "उतरवा मग."

मी ती ओळ निवडली. पुढचा पडदा आला. खाली एक बटण, वर दोन ओळी इंग्रजी. मी वाचायला लागलो. पहिली ओळ, नक्कल या डिस्कवर उतरवली जाईल. दुसरी ओळ, "या डिस्कवर आत्ता जे काही आहे ते सगळं पुसलं जाईल."

हे मी आयुष्यात इतक्या वेळा वाचलंय की वाचताना बोट बटणावर गेलेलं असतं.

"भाऊ, थांबा," दारातून कमलाबाई म्हणाली.

सगळ्यांनी मागं पाहिलं. ती आत आली. आदल्या दिवसासारखी दोन पावलं नव्हे, थेट टेबलापर्यंत.

"ते जुनं हाये ना, कपाटातलं. त्याच्यात आमच्या बुढीचा आवाज हाये का?"

मला काही कळेना. मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी पडद्याकडं पाहत होते.

"गुरुजी, तुमाले इचारून राह्यली मी. बुढीले तुमी थंडीत बसवलं इथं. हे कपाटातलं तं दिवाईचं हाये. तुमीच सांगतलं होतं, दिवाईले सारं काढून ठेवलं म्हनून."

कमलाबाईची सासू जनाबाई. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. हिवाळ्यात गुरुजींनी तिचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि उन्हाळा लागायच्या आत ती गेली. नक्कल दिवाळीची, आवाज त्यानंतरचा. म्हणजे जनाबाईचा आवाज असलाच तर फक्त या मशीनमध्ये होता, आणि माझं बोट तो पुसायच्या बटणावर होतं.

मी हात काढून मांडीवर ठेवला.

"गुरुजी, मी काल विचारलं होतं," मी म्हटलं.

गुरुजी हळू म्हणाले, "मले वाटलं, जुनं बी येईन अन् नवं बी राहीन. फळीवर पुस्तकं ठेवतो तसं. जुनी ठेवली म्हनून नवी काई पडत नाईत ना खाली."

"पण नवीन काही नाही असं का सांगितलं?"

उत्तर भगत साहेबांनीच दिलं, एकेक शब्द मोजून. "कारण जनाबाई माझ्या वडिलांबद्दल बोलली आहे. खरं ना गुरुजी? गावात कुजबुज आहे, माझ्या कानावर आली. की नामदेव भगत दीक्षेला गेलेच नव्हते. म्हणून तुम्हाला वाटलं, मला कळलं तर मी ते पुसून टाकीन. किंवा टाकलंच."

"मी असं कवा म्हटलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? काल तुम्ही पाठ टेकून उभे होता मशीनला."

आता बघा. आदल्या दिवशी तो पेनड्राइव्ह चांगला असता, त्याला डिस्क दिसली असती, तर गुरुजींच्या 'नाई'वर विसंबून मी तेव्हाच बटण दाबलं असतं, आणि कमलाबाईला रात्रभर विचार करून थांबा म्हणायला वेळ मिळाला नसता. त्याला दिसलं नाही म्हणून वाचलं. आयुष्यभर मी ज्या वाक्याला शिव्या दिल्या, त्या 'डिस्क दिसत नाही'नं एक दिवस उसना मिळवून दिला होता.

मी पेनड्राइव्ह काढून टाकला. डोकं चालायला लागलं ते तेव्हा. एकेकटी डिस्क वाचता येत नाही, कारण ती अर्धीच पिशवी. म्हणजे लॅपटॉपनं 'रिकामी' म्हटलं त्याला काही अर्थ नाही. कार्डाला तर पूर्ण डिस्क दिसतेय. मग मशीन उठत का नाही? कारण कुठून उठायचं ते त्याला आठवत नाही. तारीख आठवत नाही, तसंच हेही आठवत नाही. या आठवणी ती नाण्याएवढी बॅटरी सांभाळते.

खिशातली बॅटरी काढली, बसवली. सेटिंगमध्ये गेलो आणि मोठ्यानं वाचत सांगितलं, "सुरुवात कार्डापासून." मग एंटर दाबलं.

मशीन उठलं. नेहमीचा निळा पडदा, त्यावर गुरुजींचे फोल्डर, एकेका माणसाच्या नावाचे. शेवटचं नाव जनाबाई.

गुरुजी माझ्याजवळ सरकले आणि कानात म्हणाले, साहेब गेल्यावर लावू. ते कमलाबाईनं ऐकलं.

"आत्ताच लावा," ती म्हणाली. "माह्या सासूचा आवाज हाये. मी सांगते लावा."

गुरुजींनी लावलं. आधी खोकला, मग भांडं ठेवल्याचा आवाज, मग एक कोरडा, ठाम आवाज. तो जसा होता तसा लिहितो, त्या घराची परवानगी आहे.

"सारे गेलते नागपूरले. नामदेव नाई गेला. आता मराच्या टायमाले खोटं कायले बोलू. निंघाच्या आदल्या सांजी सारे त्याच्या आंगनात बसलो होतो. सारे गेलो तं ढोराईले पानी कोन पाजन? मांगं कोनी घराईले काडी लावली तं? कोनी राह्याले तयार नाई. साऱ्याईचा जीव तिकडे. मंग नामदेव म्हने, मी राह्यतो. सारी बस्ती त्याच्या भरोशावर टाकून गेलो आमी. वापस आलो तं काय पाह्यतो, एकेकाच्या दारापुढं सडा टाकेल. ढोरं धुयेल. अन् हा दारात बसून, डोये लाल. झोपला नसन बिचारा. मंग कोनी भायेरचं पुसलं तं म्हने, मी बी गेलतो. लाज वाटे त्याले. आमी कोनी त्याले खोटं पाडलं नाई. मी तं म्हन्ते, तो आमच्याआंधी पोचलता."

पुढं ती आणखी कशाकशाबद्दल बोलत होती. भगत साहेबांनी हात वर केला, गुरुजींनी थांबवलं.

"बाबा आम्हाला सगळं सांगायचे," साहेब म्हणाले. "मैदान केवढं होतं, आपल्या गावचे लोक कुठं बसले होते. मी लहानपणी दहादा ऐकलंय. त्यांनी ते परत आलेल्यांना विचारून विचारून पाठ केलं असेल." त्यांनी खुर्ची मशीनजवळ ओढली. "पुन्हा लावा गुरुजी. सुरुवातीपासून."

गुरुजींनी हात पुढं केला आणि थांबले. "साहेब, मले वाटलं तुमी..."

"मी काय?"

"काई नाई," गुरुजी म्हणाले, आणि पुन्हा लावलं. कमलाबाई पदर तोंडाशी धरून सासूचा खोकला ऐकत होती. मला आईचा फोन आठवला. दुसऱ्यांचे आवाज सांभाळण्यात माझा जन्म गेला, पण 'माणसं बरी हाईत न्हवं रं' एवढी ओळ मी कुठंच ठेवली नाही, आणि आता ती विचारायला आई नाही.

निघताना भगत साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. सवय एका दिवसात जात नाही. "पण हे झालं कशानं? कोणी केलं?"

"बॅटरी म्हातारी झाली होती," मी म्हटलं. ते खरंच होतं.

पूर्ण खरं मी कमलाबाईला अंगणात सांगितलं. मशीन बंद असलं तरी प्लगमध्ये वीज असेल तर त्या बॅटरीला आराम असतो. मेन पाडली, म्हणजे मुख्य स्विच बंद केला, की सगळी आठवण एकट्या तिच्यावर. इथं रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत मेन पाडलेली, वर उन्हाळ्यात वाचनालय बंद, तेव्हा तर पूर्ण वेळ. आधीच जुनी बॅटरी, ती संपली. मी विचारलं, आधीपासून पाडत होता का मेन?

"नाई. बुढीचा आवाज घेतला तवापासून," ती म्हणाली. "वायरिंग जुनी हाये भाऊ इथली. आमच्या घरचा टीव्ही असाच जळला. तो जळला तं दुसरा आला. बुढीचा आवाज जळला तं मी कुठून आनू?"

मी तिला समजावलं, की आता नव्या दोन नकला काढल्यात, एक गुरुजींकडं, एक साहेबांच्या घरी, आणि पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हरही आहे. आता मेन चालू राहू द्या. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी गिऱ्हाइकाच्या 'मी काहीच केलं नाही'कडं पाहतो.

"तुमी म्हन्ता ते बराबर असन," ती म्हणाली, आणि आत जाऊन मेन पाडून आली.

तेव्हापासून मी दर वर्षी त्या गावाला जातो आणि बॅटरी बदलतो. गुरुजी म्हणतात, चालू तं हाये, कायले बदलता? मी सांगतो, माझा तिच्यावर विश्वास नाही. भगत साहेब खुर्ची ओढून जनाबाईला लावायला सांगतात. आणि कमलाबाई मेनच्या बोर्डाजवळ उभी असते, आमचं ऐकणं कधी संपतं याची वाट बघत.